आधी बरणी, मग मिक्सर

स्मूदी बिघडली की आपण फळाला नाहीतर मिक्सरला बोल लावतो. आंबा पाणचट निघाला, केळं कच्चट होतं, पाती बोथट झाली. घरच्या केफिरची स्मूदी असेल तर मात्र बिघाड बहुधा आदल्या दिवशीच झालेला असतो, ओट्यावरच्या बरणीत. केफिर चार-सहा तास जास्त राहिलं आणि आंबटढाण झालं. मग ते झाकायला मध घाला, खजूर घाला, वर साखर घाला, आणि एवढं करूनही शेवटच्या घोटाला घसा धरतोच. म्हणून पाककृतीच्या आधी बरणीकडे बघू. आंबटपणा कुठे थांबवायचा हे जमलं की पुढचं काम दोन मिनिटांचं आहे.

केफिर हे मूळचं उत्तर कॉकेशसचं. एल्ब्रुस शिखराच्या परिसरातले कराचाय आणि बाल्कर, शेजारचे ओसेती, हे डोंगरी पशुपालक लोक कातडी पिशव्यांत दूध आंबवत. आधीचं केफिर काढून घ्यायचं, दाणे तसेच ठेवायचे आणि वरून नवं दूध ओतायचं, अशी ती पद्धत. दाणे घराण्याचा ठेवा मानले जात, बाहेरच्याला सहजी मिळत नसत, असं सांगतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केफिर मॉस्कोत बाटलीतून विकलं जाऊ लागलं. आज रशिया, युक्रेन, पोलंडमध्ये ते रोजच्या किराण्यातलं आहे. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी घरांतही फ्रिजमध्ये एखादी बाटली दिसते. पण दुकानातलं बरंचसं केफिर दाण्यांऐवजी निवडक जिवाणूंचं विरजण लावून केलेलं असतं. ते चवीला सौम्य आणि दर वेळी एकसारखं लागतं. दाण्यांवर केलेल्या घरच्या केफिरला जास्त वास असतो, जास्त फसफस असते आणि स्वभावही जरा लहरी असतो.

हे दाणे म्हणजे धान्य नव्हे. फ्लॉवरचे बारीक तुरे खुडून ठेवावेत तसे पांढरट, ओलसर, बोटाने दाबले तर दबून पुन्हा वर येणारे गोळे असतात. त्यांच्यात लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू, यीस्ट आणि थोडे ॲसिटिक आम्ल करणारे जिवाणू एकत्र नांदतात. त्यांना धरून ठेवणारा बुळबुळीत पदार्थ म्हणजे केफिरान नावाची बहुशर्करा, आणि ती त्यांच्यातलेच काही जिवाणू तयार करतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन जिवाणू आम्ल करतात. यीस्ट कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोलचा अंश तयार करतं. दह्यात नसलेली ती जिभेवरची चुणचुण यीस्टची. एका दिवसाच्या घरगुती केफिरमध्ये अल्कोहोल सहसा एक टक्क्याहून कमी असतं, पण असतं. ज्यांना तेवढंही वर्ज्य आहे त्यांना हे आधी ठाऊक असलेलं बरं. लॅक्टोज बरंच कमी होतं, संपत मात्र नाही. दूध ज्यांना सोसत नाही त्यांनी दोन-चार चमच्यांपासून सुरुवात करावी.

दाणे मिळवायचे ते शक्यतो ओळखीतून. ज्यांच्याकडे ते असतात त्यांच्याकडे ते वाढत राहतात, त्यामुळे देणाऱ्याला देण्यातच सुटका वाटते. बाजारात पूड मिळते, तिचंही केफिर लागतं. पण तिच्यातून दाणे तयार होत नाहीत, आणि काही वेळा विरजून झालं की तिचा जोर ओसरतो. प्रवास करून किंवा वाळवून आलेले दाणे पहिले काही दिवस सुस्त असतात. तेव्हाचं केफिर पातळ, कधी नुसतंच आंबूस दूध निघतं. ते कणीक भिजवायला वापरावं. स्मूदीची घाई नको.

आता विरजण्याकडे. दही लावायची सवय असलेल्या हाताला इथे एक गोष्ट विसरावी लागते. दह्याला दूध कोमट लागतं, बोटाला सोसेल इतकं. केफिरला ते पूर्ण गार, खोलीच्या तापमानाचं लागतं. वीस ते पंचवीस अंश सेल्सिअस हा त्याचा आवडता पट्टा. दूध कोमट असलं तर आम्ल करणारे जिवाणू उधळतात, यीस्ट मागे पडतं, आणि हाती येतं ते बिनफसफशीचं, एकसुरी आंबट दही. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध न तापवताही चालतं. पण उकळून गार केलेल्या दुधाचं केफिर जास्त दाट येतं. उकळताना दुधातली एरवी मोकळी राहणारी प्रथिनं केसिनला जाऊन चिकटतात आणि पुढे जाळं घट्ट धरतं. साय मात्र काढूनच घ्या. नाहीतर ती दाण्यांना लपेटून बसते आणि गाळताना जीव खाते.

म्हशीचं की गाईचं, याला माझं उत्तर स्मूदीपुरतं गाईचं. म्हशीच्या दुधाचं केफिर चमच्याने खायला फार छान. पण त्यात केळं आणि काजू पडले की पेय राहत नाही, जेवण होतं.

अर्धा लिटर दुधाला चहाच्या मोठ्या चमच्याने एक ते दोन चमचे दाणे पुरतात. काचेची स्वच्छ बरणी घ्या, वर चार बोटं जागा सोडा, तोंडाला मलमलचा तुकडा बांधा किंवा झाकण नुसतं टेकवा. घट्ट फिरवायचं नाही, आत वायू तयार होणार आहे. उन्हात ठेवू नका, गॅसजवळही नको. धातू अजिबात लावू नये असं पुष्कळ जण बजावतात. त्यातलं खरं एवढंच, की ॲल्युमिनियम आणि बिनकल्हईची तांब्या-पितळेची भांडी आंबट पदार्थाला नकोत. स्टीलची गाळणी, स्टीलचा चमचा बिनधास्त वापरा.

किती तास ठेवायचं? बहुतेक ठिकाणी चोवीस तास लिहिलेलं सापडतं. ते थंड देशाच्या स्वयंपाकघरासाठी आहे. पुण्यात डिसेंबरमध्ये चोवीस तास बरोबर बसतात. एप्रिल-मे महिन्यात, विदर्भात किंवा मराठवाड्यात तर मार्चपासूनच, तेच दाणे दहा-बारा तासांत काम उरकतात, आणि चोवीस तासांनी बरणीत पाणी एकीकडे आणि चोथा दुसरीकडे असा कारभार दिसतो. म्हणून घड्याळ बाजूला ठेवून बरणी बघायला शिकावं. बरणी हलकेच तिरकी करा. दूध वाहत कडेला गेलं तर अजून वेळ आहे. सगळं एका थरात, जडपणे सरकलं आणि काचेला लागून कुठे कुठे पिवळसर पाण्याच्या बारीक चिरा दिसू लागल्या, की तोच क्षण. लगेच गाळायचं. या टप्प्यावर केफिर आंबूस असतं, आंबट नाही, आणि त्याला ताज्या पावाच्या पिठाचा हलका वास येतो. स्मूदीला हवं ते हेच.

उन्हाळ्यात हा क्षण मध्यरात्री येऊन निघून जातो, ही खरी अडचण. त्यावर दोन उपाय आहेत. दाणे निम्मे करा, किंवा दूध वाढवा. तेही पुरलं नाही तर संध्याकाळी विरजून झोपताना बरणी फ्रिजमध्ये ढकला आणि सकाळी बाहेर काढून तासाभराने तपासा. पाण्याच्या परातीत बरणी ठेवून वरून ओला पंचा गुंडाळला तरी दोन-तीन अंशांचा फरक पडतो. कोकणात दमट हवेमुळे तो उपाय तितका लागू पडत नाही.

गाळताना केफिर चमच्याने हळू ढवळत खाली उतरवा, दाणे चेपू नका. दाणे धुवायचे नाहीत, निदान नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने तर नाहीच. थेट पुढच्या दुधात. गाळलेलं केफिर लगेच वापरण्यापेक्षा बाटलीत भरून काही तास फ्रिजमध्ये राहू द्यावं. थंडीत ते जरा दाट होतं आणि चवीतला तीक्ष्णपणा उतरतो. याच वेळी त्याला वास लावता येतो. नागपूर संत्र्याच्या सालीची एक पातळ पट्टी, आतला पांढरा भाग खरवडून, बाटलीत टाकून रात्रभर ठेवली की सकाळी सगळ्या केफिरला संत्र्याचा वास असतो आणि चव मात्र आंबट झालेली नसते. दोन ठेचलेल्या वेलदोड्यांनीही हेच साधतं. स्मूदीत संत्र्याचा रस ओतून आंबटात आंबट वाढवण्यापेक्षा ही युक्ती मला कितीतरी चांगली वाटते.

आता फळ. केफिर स्वतः आंबूस असल्यामुळे त्याच्याशी सगळ्यात चांगलं जमतं ते गोड, कमी आंबट आणि गरदार फळांचं. चिकू हा या बाबतीत पहिला. नुसत्या दुधातला चिकू मला नेहमी जरा मंद, गोडगोड वाटतो. केफिरमध्ये त्याच चिकूचा गुळासारखा वास उठून येतो. फक्त तो पुरता पिकलेला हवा. घोलवड-डहाणूचा असो की कुठलाही, देठाशी कडक असेल तर चीक आणि तुरटपणा पेल्यात उतरतो. सीताफळही असंच, पण त्याचा गर हाताने चाळणीवर घासून काढायचा. बिया मिक्सरमध्ये चुकूनही जाऊ देऊ नका. त्या फुटल्या की नुसती चव बिघडत नाही, त्या विषारीही असतात. केळ्याचं सगळ्यांशीच जमतं. बाजारातलं जळगावचं केळं दाटपणाला उत्तम, वेलची केळी वासाला.

हापूस चालतो, हे सांगायला नको. पायरी घेतली तर केफिर आणखी दोन तास आधी गाळलेलं घ्यावं, कारण पायरीत तिची स्वतःची आंबट बाजू आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं रूप फसवं. रंग सुरेख, पण आंबट केफिरमध्ये आंबट स्ट्रॉबेरी टाकली की नुसते दात आंबतात. तिच्याबरोबर अर्धं केळं हवंच. जांभूळ तुरट. तो तुरटपणा दुधातली प्रथिनं थोडा धरून ठेवतात, त्यामुळे केफिरमध्ये जांभूळ अपेक्षेहून मवाळ लागतं. चिमूट मीठ आणि थोडा गूळ घातला की पावसाळ्याच्या तोंडावर याच्यासारखी स्मूदी नाही.

पपई आणि अननस यांची गोष्ट वेगळी, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. पपईत पपेन आणि अननसात ब्रोमेलेन नावाची विकरं असतात. ती प्रथिनं तोडतात. मांस मऊ करायला कच्ची पपई लावतात ती याचसाठी. केफिरमधल्या केसिनचेही ती तुकडे करतात, आणि त्या तुकड्यांतले काही चवीला कडू असतात. म्हणून अननसाची स्मूदी केल्याबरोबर झकास लागते आणि अर्ध्या तासाने कडवट, पाणी सुटलेली होते. किवी आणि ताज्या अंजिरातही अशीच विकरं आहेत. अननस हवाच असेल तर फोडी पाण्याच्या थेंबाशिवाय पातेल्यात चार-पाच मिनिटं चांगली वाफ येईपर्यंत शिजवा आणि गार करून घ्या. उष्णतेने ब्रोमेलेन निकामी होतं. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तो तसाच चालतो. पिकलेल्या पपईत कच्चीपेक्षा जोर कमी असतो. तरी ती करून लगेच प्यावी, डब्यात भरून ऑफिसला नेण्याची ती स्मूदी नव्हे.

फळ आणि दूध एकत्र नको, असं मानणाऱ्या घरात केफिरचा हा प्रकार काढला की भुवया वर जातात. त्याच घरात शिकरण मात्र पोळीबरोबर चवीने खाल्लं जातं. त्या वादात मी पडत नाही.

मिक्सरची पाळी आता. सगळं एकदम भांड्यात टाकून मिनिटभर फिरवणं हा सोपा मार्ग, आणि पातळ स्मूदीचं कारणही तोच. केफिरचा दाटपणा म्हणजे केसिनचं नाजूक जाळं, आणि पात्यांच्या वेगाने ते तुटतं. शिवाय आत विरघळलेला वायू फेस होऊन वर येतो, झाकण उडवतो, आणि चुणचुण तिथेच संपते. तेव्हा भांड्यात आधी फक्त फळ, भिजवलेला सुका मेवा, गोडी आणि जेमतेम चार चमचे केफिर घ्या. ते अगदी गुळगुळीत होईपर्यंत फिरवा, इथे कंजुषी नको. मग उरलेलं गार केफिर ओता आणि बटण उलट्या बाजूला वळवून दोन-तीन झटके द्या. बस्स. भांडं निम्म्याहून जास्त भरू नका. ज्यांना चुणचुण हवीच आहे त्यांनी दुसऱ्या टप्प्यात मिक्सर लावूच नये. फळाचा गर पेल्यात घालून वरून केफिर ओतावं आणि लांब चमच्याने हलवावं.

बर्फाने गारवा येतो तसं पाणीही येतं. त्यापेक्षा फळ गोठवा. पिकलेली केळी सोलून, चकत्या करून, ताटलीत एकमेकींना न चिकटतील अशा ठेवून गोठवायच्या आणि मग डब्यात भरायच्या. आपल्या साध्या मिक्सरला दगडासारखी चकती झेपत नाही, म्हणून पाच मिनिटं बाहेर ठेवून मग टाका. आणखी एक. गारव्यात गोडी कमी जाणवते. खोलीच्या तापमानाला चाखून गोडी ठरवलीत तर गार पेल्यात ती कमी पडेल, म्हणून चव शेवटी, गार असतानाच बघा. साखर वाढवण्याआधी मीठ घालून बघा, अगदी दोन बोटांच्या टोकावर मावेल एवढंच. आंबट-कडू दबतं आणि फळ पुढे येतं.

प्रमाण म्हणाल तर एका माणसाला एक पेला, म्हणजे दोनशे मिलिलिटर केफिर आणि त्याच्या निम्मं फळ. हापूसची करायची तर मध्यम आंब्याचा गर, मीठ आणि वेलची, एवढंच. साखर लागत नाही, लागली तर केफिर जास्त आंबलं आहे असं समजा. न्याहारीऐवजी प्यायची तर एक गोठवलेलं केळं, कोमट पाण्यात भिजवून बी काढलेले दोन खजूर, भाजलेल्या शेंगदाण्यांचा मोठा चमचाभर कूट आणि केफिर. शेंगदाणे साल काढून, खमंग भाजून, पण डाग न पडू देता. जळका दाणा एकच असला तरी पेलाभर जाणवतो. सब्जा घालायचा तर आधी भिजवून, शेवटी वरून. मिक्सरमध्ये तो फिरला की त्याची गंमतच जाते.

केफिर चुकून जास्तच आंबलं तर ते गोड करत बसण्यात अर्थ नाही. त्याची दिशा बदला. काकडी किसून, पुदिना, आल्याचा तुकडा, भाजलेल्या जिऱ्याची पूड, सैंधव, हवी तर अर्धी हिरवी मिरची. मठ्ठा आवडणाऱ्याला हे आवडणारच. रशियात उन्हाळ्यात केफिरमध्येच काकडी, मुळा, उकडलेलं अंडं, बटाटा आणि शेपू घालून अक्रोश्का नावाचं गार सूप करतात. तिथेही आंबटपणाला मीठच सोबतीला घेतलं आहे, साखर नाही.

आणि ज्यांना पियूष आवडतं त्यांच्यासाठी: केफिर मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये टांगा, खाली भांडं ठेवा. सकाळी वर मऊ चक्का मिळेल. दोन भाग चक्का, एक भाग ताजं केफिर, पिठीसाखर, दुधात खललेलं केशर आणि किसलेलं जायफळ रवीने घुसळा. इथे मिक्सर नको. नेहमीच्या पियुषापेक्षा हे जरा हलकं आणि जिभेवर किंचित टोचणारं असतं. खाली जमलेल्या निवळीत भाकरीचं पीठ मळा.

बरणीत गुलाबी, केशरी किंवा काळे ठिपके दिसले, लव आली, किंवा सडका वास आला तर दाण्यांसकट सगळं फेकून द्या, वाचवण्याचा मोह नको. नुसतं पाणी वेगळं होणं म्हणजे खराब होणं नव्हे, ते फक्त जास्त आंबणं आहे. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांनी आणि तान्ह्या बाळांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारूनच. गावाला जायचं असेल तर दाणे ताज्या दुधात बुडवून, झाकण सैल ठेवून फ्रिजमध्ये आठ-पंधरा दिवस ठेवता येतात. परत आल्यावरचं पहिलं केफिर पिण्याऐवजी इडली-ढोकळ्याच्या पिठात घाला.

केलेली स्मूदी ठेवायची वेळ आली तर फ्रिजमध्ये, आणि बाटली काठोकाठ भरून बूच घट्ट लावून कधीच नाही. यीस्ट जिवंत आहे, आणि आता त्याला फळाची साखरही मिळाली आहे. बाहेर राहिलेली बाटली फुगते, उघडताना उसळते, काचेची असेल तर फुटूही शकते. प्रवासात नेऊ नये ती यामुळेच. दुपारपर्यंत कुणी पिणार नसेल तर ती सरळ कुल्फीच्या साच्यात ओता, काडी खोचा आणि बर्फाच्या खणात ठेवा. आंबा आणि चिकू यांची अशी कुल्फी चांगली होते. स्ट्रॉबेरीची फार बर्फाळ होते, तिच्यात थोडी साय घालावी लागते.